जोडीचं हिरवं लुगडं

अनू, वही घे आन् बस. मी बोलते तसंच लिही, मधीच नीट करू नको.

बायनाबाईचं सांगायचंय. खालच्या गल्लीतलं शेवटचं घर तिचं. त्याच्या फुडं घाट, घाटाच्या फुडं पूर्णा नदी. चैतात गेली ती. तू परभणीला व्हतीस, परीक्षा चालू व्हती तुझी, म्हून तुला बोलवलं न्हाई. तिच्या दहाव्याला घाटावर कोण व्हतं? तिचा लेक भागवत, सून राजेश्री, तुझा बाप शिवकांत आन् मी. बास. गल्लीतली एकोणीस घरं तिच्यामुळं आज जित्ती हायत, त्यातलं एक माणूस घाटाच्या पायऱ्या उतरलं न्हाई. कामून उतरलं न्हाई ते मला एकलीला ठावं हाय. तेच आज तुझ्याकडून लिहून घ्यायचंय. घाई हाय मला. कशाची घाई ते शेवटाला सांगते.

बायना पिंगळीची लेक. पिंगळीला टेशन हाय, गाड्या हायत, पण आपल्यासारखी मोठी नदी न्हाई. लग्न होऊन आली तवा घागर घेऊन घाटावर जायला भ्यायची. वरच्या पायरीवर बसून मला म्हणायची, मल्लाक्का, माझी बी घागर भरून दे की गं. मी भरून द्यायची. मंग तिच्या सासूनं एक दिवस तिचा हात धरून पाण्यात उभी केली आन् सांगितलं, ही तुझी थोरली जाऊ हाय. हिच्यासंगं ऱ्हायचंय तुला जल्मभर.

तिनं ते खरंच धरलं. तसलीच व्हती ती. सांगितलेलं खरं धरायची.

आता वटीचं सांगते, तुमी ओटी म्हणता ती. घाटावर आपल्या महादेवाचा दगडी नंदी हाय ना, त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की नदीची वटी भरायची, ही आपल्या गावची रीत. सुपात हिरवं लुगडं, खण, बांगड्या, नारळ, मूठभर गहू, हळद-कुकू. भरायचा मान घाटाजवळच्या घराचा, म्हंजी बायनाच्या घराचा. तिच्या सासूकडून तिच्याकडं आला. उपाशी पोटी जायचं, सूप पाण्यावर सोडायचं, माघारी बघायचं न्हाई. नदीनं वटी घेतली की पाणी उतरतंय. आन् नदीनं वटी परत केली, ह्याच काठाला आणून टाकली, तर मंग घरात पाय ठिवायचा न्हाई, लेकरंबाळं घेऊन तिथून निघायचं. ही बी रीतच. पण परत आलेली वटी कुणी पाह्यली नव्हती. माझ्या सासूनं न्हाई, तिच्या सासूनं न्हाई.

बायना दर साली आखाडात पूर्णा गावच्या बाजाराला जायची आन् एका रंगाची, एका काठाची दोन लुगडी आणायची. एक नदीला, एक आपल्याला. मी एकदा इचारलं, येडे, दोन कामून? तर म्हणली, जावा-जावांत एकीला एक आन् दुसरीला दुसरं केलं की घरात भांडण लागतंय. आपलं ते पेटीत ठिवायची, दिवाळीच्या पाडव्याला नेसायची. पूर आला न्हाई तर नदीचं बी पाडव्यालाच सोडायची. चाळीस साल केलं तिनं हे. मिसरी लावून काळे झालेले दात दाखवून हसायची आन् म्हणायची, माझी जाऊ लय गुणाची, कधी माझ्या लुगड्याला नाव ठिवलं न्हाई.

तर गेल्या सालचा पूर. भादवा सरत आलता, नवरात्र तोंडावर आलतं. तू टीवीवर पाह्यलं आसशील, समद्या मराठवाड्यात पाणीच पाणी. आपल्याकडं वरच्या धरणाचे दरवाजे उघडायले की आपला कोतवाल सिद्धोधन भोंगा घेऊन फिरायचा. त्या महिन्यात आधीच तीन येळा फिरला व्हता. दोन येळा खालची गल्ली उठून वर शाळेत गेली, डास चावून घेतले, आन् पाणी काय नंदीच्या खुराला बी लागलं न्हाई. तिसऱ्या येळी कुणी उठलंच न्हाई. चवथ्या येळी तो आला तवा आबासाहेब पारावर बसलते. गल्लीतला वडीलधारा माणूस, ते उठले की गल्ली उठती. तर ते म्हणले,

"सिद्धोधना, एवढे हजार क्युसेक, तेवढे हजार क्युसेक. क्युसेक म्हंजी किती घागरी ते सांग, मंग उठतो."

सिद्धोधन म्हणला, "आबासाहेब, घरात शिरलं की मोजून घ्या."

समदे हसले. मी बी हसले. आपलं घर वर, आपल्याला काय भ्या व्हतं. हसायला काय जातंय.

त्या दिवशी सकाळी पाणी नंदीच्या गुडघ्याला लागलं. गढूळ, फेसाळ, झाडाची खोडं वाहून आणायलतं. बायनानं न्हाऊन सूप भरलं. आमी बायका वरच्या पायऱ्यावर उभ्या. तिनं सूप सोडलं, ते एक गिरकी खाऊन धारेला लागलं आन् वळणाच्या पल्याड गेलं. समद्यांनी डोळ्यानं पाह्यलं. तासाभरात पाणी दोन पायऱ्या उतरलं. गल्लीतली कुसुमबाई म्हणली, "बायनाच्या हातची घेती गं नदी." गल्लीत चुली पेटल्या, कुणी सोयाबीन झाकायला गेलं, कुणी म्हसरं सोडली. शाळेत जायचं कुणाच्या मनात बी ऱ्हायलं न्हाई.

दुपारी सिद्धोधन पुन्हा आला. भोंगा न्हाई, नुसता फोन हातात. तोंड उतरलेलं. माझ्या वट्यावर टेकला आन् पाणी मागितलं. बायना माझ्यापशी शेंगा निवडत बसलती.

"काय रे लेकरा?" तिनं इचारलं.

"मावशी, पहाटं दरवाजे लय वर उचललेत. दिवेलागणीला आपल्याकडं पोचंल. ह्यावर्षीचं समद्यात मोठं. दोनदा ओरडून आलो गल्लीत. आबासाहेब म्हणतेत, वटी घेतली नदीनं, तू घरी जाऊन झोप."

बायनानं हातातली शेंग टोपल्यात टाकली. मंग म्हणली, "पाणी दोन पायऱ्या उतरलं की रे."

"रात्री काही घंटे दरवाजे खाली केल्ते मावशी. म्हून उतरलं."

"माझ्या वटीनं न्हाई?"

तो फोनकडंच बघत बसला. त्याला लाज वाटायली. लहानपणापून तिच्या हातची भाकर खाल्लेला पोरगा तो.

"दरवाज्यानं, मावशी."

"आन् त्या आधीच्या साली?"

"त्या साली बी."

अनू, चाळीस सालाचा माणसाचा इस्वास आसा एका घोट पाण्यात जातोय, ते मी त्या दिवशी पाह्यलं. ती रडली न्हाई. शेंगाचं टोपलं माझ्याकडं सरकवलं, पदर झटकला आन् म्हणली, "मंग उठवायला पायजे त्यांला." आन् गेली.

घरोघर फिरली ती. मी दारातून बघायले. कुसुमबाईच्या दारात तिचा आवाज ऐकू आला, "चल गं, लेकरं घे, चल." कुसुमबाई म्हणली, "तूच भरली ना वटी? नदीनं घेतली ना? मंग कशाला भेवड्यासारखी करायलीस?" आबासाहेब म्हणले, "बायनाबाई, तुझ्याच हातावर भरवसा ठिवून बसलोय आमी, आन् तूच आसं बोलतीस का?" कुणी ऐकंना. तिचा मानच तिच्या आड आला. घरी गेली तर तिचा नवरा, बन्सीधर भाऊजी, खाटंवर. दोन साल झालते लकवा मारून, अर्धं अंग गेलतं, तोंड वाकडं, पण थट्टा सुटली नव्हती. म्हणले, "मला काय उठवतीस? मी झोपूनच हाय. पाणी आलं की खाट तरंगंल, तू मागनं ढकल." लेक भागवत पूर्णेला, रस्ता बंद, तो येणार कसा.

तिसऱ्या पहारी मी महादेवाच्या देवळात गेले. पाणी उतरलं व्हतं म्हून म्हणलं घंटा आन् तांब्या काढून आणावा. गाभाऱ्यातून बाहेर आले तर खाली पायऱ्यावर बायना. एकली. गुडघाभर पाण्यात. हातात हिरवं लुगडं. मला वाटलं दुसरी वटी भरायली काय. पण सूप न्हाई, नारळ न्हाई. ती ते नवंकोरं, घडी न मोडलेलं लुगडं पाण्यात बुडवायली. बुडवलं, वर काढलं, पायाखालच्या चिखलात घातलं, पायानं रगडलं. काठ एका जागी टरकावला. बाभळीची एक काटेरी फांदी वाहून आलती, तिला गुंडाळलं, पुन्हा वढून काढलं. जोडीचं लुगडं ते. पाडव्याला नेसायचं.

मी तिथंच उभी. तिनं वर पाह्यलं. माझ्याकडं बघून बोटानं सुद्धा खुणावलं न्हाई. नुसतं म्हणली, "मल्लाक्का, तू काय पाह्यलं न्हाई."

मंग तिनं केस सोडले. ते चिखलाचं लुगडं दोन्ही हातावर घेतलं, जसं मेलेलं लेकरू घ्यावं तसं, आन् गल्लीत शिरली. वरडली न्हाई. घरा-घराच्या फुडं उभी राहून एवढंच म्हणायची, "परत केली. घेतली न्हाई. परत केली."

तुला सांगते, दोन हजार क्युसेक का दोन लाख, भोंगा जे करू शकला न्हाई, ते त्या लुगड्यानं केलं. आबासाहेब पारावरून उठले. काठी घ्यायचं बी भान ऱ्हायलं न्हाई त्यांला. कुसुमबाईनं चुलीवरचं कालवण तसंच सोडलं. लेकरं, म्हातारी, शेरडं, पोते, समदी गल्ली रांगंनं वर शाळेकडं. बन्सीधर भाऊजीची खाट चौघांनी उचलली, शिवकांत एक व्हता त्यात. बायनाची पेटी बी त्याच खाटंवर ठिवली. पाऊस पडायलता. खाटंवर टाकायला ताडपत्री बी गावली न्हाई. भाऊजी भिजत भिजत म्हणले, "वरात बरी काढली माझी."

बायकांत कुणी इचारलं न्हाई की बाई, हे जोडीचं तर न्हाई? ती दोन आणती हे समद्यांला ठावं व्हतं. पण भ्यालेलं माणूस मोजत न्हाई.

दिवेलागणीला पाणी आलं. आपल्या वट्यावरून दिसायलतं. आवाज आधी आला, मंग पाणी. पार बुडाला, गल्लीतली भित्ताडं एक-एक करून बसली, पत्रे तरंगायले. बायनाचं घर पहिलं गेलं. सकाळी पाह्यलं तर नंदीच्या जागी नुसतं गरगरायलेलं पाणी, आन् आबासाहेबांच्या घराचं छप्पर तेवढं वर. दोन दिवस पाणी हाललं न्हाई. म्हसरं गेली, दाणे गेले. पण माणूस एकबी गेलं न्हाई.

मंग वरून साहेब लोक आले, पंचनामा केला. कागदावर लिहिलं की इशारा दिला आन् लोक येळेवर हलले. सिद्धोधनाचं कौतुक केलं. त्यो बिचारा माझ्याकडं येऊन म्हणला, "मावशी, माझं कुठं ऐकलं, नदीचं ऐकलं त्यांनी." त्याला बी ठावं न्हाई. अजून ठावं न्हाई.

शाळेत तिसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं. कुसुमबाईनंच काढलं. म्हणली, इतक्या साली कधी परत आली न्हाई, औंदाच कशी आली? भरणारीच्या अंगात काय तरी कसूर आसंल. उपास मोडला आसंल. विटाळाची व्हती का कोण जाणे. दुसरी म्हणली, लुगडं हलकं घेतलं आसंल. तिसरी म्हणली, माघारी पाह्यलं तिनं, मी डोळ्यानं बघितलं. काय बघितलं न्हाई तिनं. बायना भित्तीकडं तोंड करून भाऊजीला पेज पाजायलती. समदं ऐकायलती.

भाऊजीला ताप भरला. भिजलेलं अंग, ओली फरशी. रस्ता खुला झाल्यावर भागवतानं पूर्णेला दवाखान्यात न्हेलं. डॉक्टर म्हणले, फुफ्फुसात पाणी झालं. नवव्या दिवशी गेले. मी भेटायला गेले तवा बायनाचं कपाळ पुसलेलं, हात मोकळे. मला म्हणली, "बघ मल्लाक्का. पाणीच."

मी म्हणलं, "ताप व्हता गं तो. भिजले म्हून."

"मी तिच्या नावानं खोटं बोलले. जाऊ म्हणत व्हते तिला. तिनं घेतलं माझं."

"आगं सिद्धोधन म्हणला ना, दरवाज्यानं उतरतंय, वटीनं न्हाई. मंग घेणारी कोण?"

"ते बी खरं," ती म्हणली, "आन् हे बी खरं."

ह्यातलं कुठलं धरायचं ते तूच सांग.

मंग गल्लीचं तोंडच फिरलं. नदीनं वटी परत केली, कुकू न्हेलं, घर न्हेलं, म्हंजी बाईच नाट लावणारी. गल्लीतच पत्र्याचे निवारे उभे केले तर तिचा निवारा कडंला. सोयाबीनची रास करायची तर तिच्या फुडून पोतं न्हेत नव्हते. बाळंतिणीच्या घरावरून ती जाऊ नये म्हून कुसुमबाईनं बोरीची काटी आडवी टाकली. ज्या नातवासाठी टाकली, त्याला पुराच्या दिवशी ह्याच बायनानं पोटात असताना आईसगट वर आणलं व्हतं, सून कुसुमबाईची चालत नव्हती तर हाताला धरून.

मी एक दिवस संतापले. म्हणलं, आज सांगतेच समद्यांला. बायनानं माझा हात धरला. माझ्या गळ्यातल्या लिंगावर ठिवला, आपण लिंगायत, तिला ठावं व्हतं ही शपथ मी मोडणार न्हाई. म्हणली, "तू सांगितलं तर फुडच्या पुरात परत आलेल्या वटीला बी कोण उठंल? म्हणतील, बायनासारखं नाटक हाय. मला एकलीला बोल लागू दे, माझं काय, किती दिस ऱ्हायलेत. शपथ घे."

घेतली मी.

दिवाळी आली. पाडव्याला हिरवं नेसायचं, तर तिनं नेसलं न्हाई. कुणी इचारलं बी न्हाई. रांडमुंड बाई हिरवं कुठून नेसणार? भाऊजी जित्ते असते तर त्याच दिवशी उघडं पडलं असतं समदं, की बाई तुझं जोडीचं कुठंय? भाऊजीच्या मरणानं तिचं खोटं झाकलं. तिला ते कळलतं. पाडव्याच्या दिवशी ती माझ्या घरी आली, ती चिखलाची घडी माझ्या मांडीवर ठिवली आन् म्हणली, "हे तुझ्या पेटीत ठिव. नदीला देऊ नको, तिला कुठल्या तोंडानं देऊ. माझ्या अंगावर बी टाकू नको."

हिवाळा तिनं असाच काढला. सकाळी घाटावर यायची, वरच्या पायरीवर बसायची, जशी नवी नवरी असताना बसायची. पाण्यात उतरायची न्हाई. माझी घागर मीच भरायची, तिला म्हणायची, तुझी बी भरून देऊ का? नको म्हून मान हलवायची. चैतात एक दिवस घाटावर दिसली न्हाई. निवाऱ्यात जाऊन पाह्यलं तर झोपेतच.

आन् मी, अनू, मी काय केलं? शपथ हाय, शपथ हाय म्हणत बसले. खरं सांगायचं तर शपथेआड मला सोपं पडलं. गल्लीत माझं येणं-जाणं, शिवकांतचं दुकान, हळदी-कुकवाला बोलवणं. मी तिच्या बाजूनं एक सबूद बोलले न्हाई. कुसुमबाई बोलायची तवा मी शेंगा सोलत बसायची.

आता घाई कशाची ते लिही. काल सिद्धोधन फिरून गेला, वर पाऊस लय झालाय, परवा-तेरवा दरवाजे उघडतील. तो गेला आन् कुसुमबाई माझ्याकडं आली. वटीचा मान आता तिनं घेतलाय. नवं सूप आणलंय, लुगडं आणलंय. मला इचारायली, "मल्लाक्का, नारळ शेंडीचा घालायचा का बिगरशेंडीचा? तुमी पाह्यलंय बायनाचं." मी म्हणलं, "सिद्धोधन काय सांगून गेला ऐकलं का?" तर म्हणली, "त्याचं काय, तो ओरडतच ऱ्हातो. आधी वटी भरू. माझ्या हातची घेतली तर कशाला हलायचं? परत केली तर हलू."

ती परत येणार न्हाई गं. कधीच आली नव्हती. ते सूप धारेला लागून वळणाच्या पल्याड जाईल, ही समदी बघून खुश होतील आन् चुली पेटवतील. आन् आता जोडीचं लुगडं चिखलात घालायला बायना न्हाई.

म्हून मी आज माझी शपथ मोडायली. महादेव मला काय करायचं ते करू दे.

हे लिहिलेलं सिद्धोधनाकडं घेऊन जा. त्याला सांग, पारावर उभा राहून भोंग्यावर वाचून दाखव, पहिल्यापून, माझं गाळू नको, मी शेंगा सोलत बसले ते बी गाळू नको. मी त्याच्याजवळ उभी ऱ्हाते ते लुगडं घेऊन. पेटीत तळाला हाय, काढ. झटकू नको, पोपडे झालेत त्याचे. टरकलेला काठ फुडं येईल आसं धर. कुसुमबाईला तो काठ ठावं हाय, बायनानं लुगडी घेतली तवा बाजारात ती बी संगं व्हती. दुकानातून दोन घेतली व्हती का एक, तिलाच इचारू, आन् दोन व्हती तर दुसरं बायनाच्या पेटीत कामून न्हाई ते बी.

ऐकतील का, मला ठावं न्हाई. कदाचित मलाच म्हणतील, म्हातारीला भ्रम झालाय. कदाचित उठतील बी. पण बायनाचं नाव निघल्यावर कोण खाली बघतंय, तेवढं मला बघायचंय.

जा. आभाळ भरून यायलंय, छत्री घे.